क्लोव्हिसकाकांचं चाललंय

इर्मा पेल्कीचा यंत्रांवर राग होता आणि त्याला तसंच कारणही होतं. लग्न झाल्यापासून ती गावाबाहेरच्या फ्राइजच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून बटाटे निवडत आली होती. हिरवट, किडका, आतून काळा पडलेला बटाटा तिच्या हाताखालून निसटणं कठीण. मग एका उन्हाळ्यात कारखान्यात कॅमेऱ्याचे डोळे असलेलं यंत्र आलं. त्याला ना कॉफी लागे, ना कंबर धरली की टेकायला स्टूल. मालकांनी पट्ट्यावरच्या सगळ्या बायकांना मोठा केक खिलवला, हातात हात घेऊन आभार मानले आणि घरी पाठवलं. केक चांगला होता, हे इर्मा अजूनही प्रामाणिकपणे सांगते.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या वरच्या टोकाला, नदीपलीकडे कॅनडाची घरं दिसतात तिथं, पन्नाशीच्या बाईनं नोकरी गेल्यावर काय करायचं ते जणू ठरलेलं आहे. चर्चच्या शनिवारच्या जेवणात वाढायला उभं राहायचं, नातवंडं सांभाळायची आणि कुणी विचारलंच तर "चाललंय आपलं" म्हणायचं. इर्मानं वाढपही केलं, नातवंडंही सांभाळली, आणि एका सोमवारी कुणाला न सांगता कम्युनिटी कॉलेजात जाऊन नर्सिंगला नाव घालून आली.

"नर्स? तू?" तिचा नवरा ओमर हातातला काटा खाली ठेवून म्हणाला. "अगं, मला ताप आला की तू म्हणतेस, ऊठ, लाकडं फोड, उतरेल."

"मग उतरला नाही का?"

"उतरला. पण तो तुला घाबरून."

कॉलेज म्हटल्यावर डोळ्यांपुढे दगडी मनोरे आणि हिरवळ येत असेल तर ते आधी पुसून टाकायला हवं. हायवेच्या कडेला एक बसकी विटांची इमारत. डावीकडे वेल्डिंग, उजवीकडे ॲम्ब्युलन्सवाल्यांचं शिक्षण, मध्ये नर्सिंग, आणि सगळीकडे वेल्डिंगचा वास. बटाट्यांच्या काढणीला कॉलेजलाही सुट्टी, कारण निम्मा वर्ग शेतात असतो. ज्याला कुठंच घेत नाहीत त्याचं कॉलेज, असं नाक मुरडून म्हणणारे गावात पुष्कळ होते. मात्र त्यांच्याच आईला हॉस्पिटलात ठेवायची वेळ आली की वॉर्डातली प्रत्येक नर्स याच विटांच्या इमारतीतून आलेली निघे. मोठ्या विद्यापीठांत धाडलेली हुशार पोरं दक्षिणेला गेली ती ख्रिसमसपुरती परत येतात, तीही रस्ता मोकळा असला तर. नाक मुरडणाऱ्या लोकांचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

इर्माला शिकण्याचं भय नव्हतं, विसरण्याचं होतं. पण हिवाळ्यात रस्ते बर्फानं बुजले की कॉलेजातले तास रेकॉर्ड होऊन घरी कॉम्प्युटरवर यायचे, आणि तिथं तिला एक सुख सापडलं. शिकवणाऱ्या बाईंना मध्येच थांबवता येत होतं. हृदयाच्या चार कप्प्यांवर आल्या की इर्मा बाईंना गप्प करी, तव्यावर बकव्हीटच्या पिठाचे घावन घाली, ते जाळीदार झाले की ताटात काढी आणि बाईंना पुन्हा पहिल्यापासून बोलतं करी. ओमर समोर बसून घावनावर लोणी फासता फासता ऐके. महिन्याभरात तोही झडपांची नावं घेऊ लागला.

"एका यंत्रानं हाकललं," तो म्हणे, "आता दुसऱ्याशी गट्टी. तुझा काही भरवसा नाही बाई."

तिसऱ्या यंत्राशी मात्र तिचं जमेना. त्याचं नाव क्लोव्हिसकाका.

क्लोव्हिसकाका म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेत पलंगावर निजलेला रबरी पुतळा. सरकारी मदतीतून तो आला तेव्हा सगळं गाव बघून गेलं. त्याची छाती वर-खाली होई, मनगटाला नाडी लागे, पापण्या मिटत, कपाळाला घामही फुटे. मुख्य म्हणजे तो बोले. बोलत अर्थात बर्निसबाई. बर्निस थेरियो नर्सिंगच्या सर्वांत जुन्या शिक्षिका, अर्धं आयुष्य वॉर्डात काढून इथं आलेल्या. परीक्षेच्या वेळी त्या काळ्या काचेमागच्या खोलीत माईकसमोर बसत, आवाज घोगरा करत, आणि पलंगावरून एक म्हातारा शेतकरी बोलू लागे.

पुतळ्याबरोबर कंपनीनं त्याची वाक्यंही लिहून पाठवली होती. 'माझ्या छातीत दुखत आहे. दहापैकी आठ.' ते वाचून बर्निसबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. "आपल्याकडे आठ म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय," असं म्हणून त्यांनी तिथं काट मारली आणि वर लिहिलं, 'चाललंय आपलं'.

पहिल्या परीक्षेत इर्मा त्याच वाक्यावर आपटली.

"काका, कसं वाटतंय?" तिनं आत जाऊन विचारलं.

"चाललंय आपलं," क्लोव्हिसकाका म्हणाले. "जरा पित्त झालंय, एवढंच. तुमचे बटाटे निघाले?"

"निघाले की. पण यंदा बारीक."

"आमचेही बारीकच. आणि लाकडं? भरली का हिवाळ्याची?"

"नवरा म्हणतो भरली. मला ढीग काही दिसत नाही."

काका हसले. इर्मानं उशी नीट केली, पांघरूण सारखं केलं, पाणी जवळ सरकवलं. कुणाला आणखी कुठं दुखतंय का म्हणून खोदून विचारणं हे तिच्या मते आगाऊपणाचं होतं. ज्याला सांगायचं तो सांगतो. ती हात धुवायला वळली आणि पलंगाजवळचा नाडी दाखवणारा मॉनिटर किंचाळू लागला. क्लोव्हिसकाका मेले होते.

"पण ते म्हणाले ना, चाललंय!" इर्मा रडकुंडीला येऊन म्हणाली.

बर्निसबाई काचेमागून बाहेर आल्या आणि पलंगाच्या कडेला, मेलेल्या काकांच्या पायाशी बसल्या.

"इर्मा, तुझ्या घरात 'दुखतंय' असं शेवटचं कोण म्हणालं होतं?"

इर्मानं आठवून पाहिलं. वडिलांचं बोट यंत्रात चिरडलं तेव्हा त्यांनी फडकं गुंडाळून बटाट्यांची ओळ पुरी केली होती. भाऊ मोडक्या पायानं चर्चला आला होता. आणि आई गेली त्या सकाळी इर्मानं फोनवर विचारलं होतं, कशी आहेस. आई म्हणाली होती, चाललंय आपलं. इर्मानं फोन ठेवला होता आणि कामावर गेली होती.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

"मग इथं कोण सांगणार आहे तुला? नुसतं कसं वाटतंय विचारलंस तर इकडे सगळ्यांचं चाललेलंच असतं. विचारायचं असं, की काल जमत होतं ते आज काय जमलं नाही? त्याचं उत्तर माणूस देतो. दुखण्याची लाज वाटते, कामाचं बोलायची नाही वाटत." बाईंनी एक बटण दाबलं. काकांची छाती पुन्हा हलू लागली. "हा उठतो बघ. तुझा खरा पेशंट उठणार नाही. म्हणून याला आणलाय."

इर्माला त्या दिवशी पहिल्यांदा त्या रबरी माणसाबद्दल थोडी माया वाटली. त्याला मारून झाल्यावर ती घरी जाऊ शकत होती.

पण दुसऱ्यांदा नापास होऊन भागणार नव्हतं. दोनदा काका मेले की वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षीच्या रांगेत शेवटी उभं राहायचं. गावच्या हॉस्पिटलात वसंतात जागा भरणार होत्या. पुढच्या वर्षी त्या असतील असं कुणी सांगत नव्हतं, आणि इर्माचं वयही कुणासाठी थांबणार नव्हतं. परीक्षेचे नियमही कडक. पेशंटला सोडून पलंगापासून दूर गेलं की नापास. काचेमागचं दार तर विद्यार्थ्यांनी कधीच उघडायचं नाही.

मग ओमरचा क्लोव्हिसकाका झाला. तो सोफ्यावर आडवा होई आणि इर्मा त्याची नाडी धरी.

"काल जमत होतं ते आज काय जमलं नाही?"

"काल मी तुझ्याशी वाद घालू शकत होतो. आज अंगात त्राण नाही."

"ओमर, नीट सांग."

ओमरनं डावा खांदा चोळला. मग म्हणाला, "डावा हात वर नेला की करवत धरवत नाही. काढणीपासून."

"आणि हे आज सांगतोस?"

"आज विचारलंस."

लाकडांचा ढीग का दिसत नव्हता ते इर्माला कळलं. तिनं त्याला दवाखान्यात नेलं. खांद्याची शीर आखडली होती, बाकी काही नव्हतं. पण प्रश्न लागू पडतो याची तिला खात्री पटली.

फेरपरीक्षेच्या दिवशी ती लवकर पोचली. व्हरांड्यात तिची वर्गमैत्रीण डेल्फीन बसली होती. डेल्फीन सकाळी दुधाची गाडी चालवून कॉलेजला येई आणि सगळ्यांच्या बातम्या ठेवी.

"बाईंचं आज काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली. "मघापासून पित्ताच्या गोळ्या चघळतायत. डबाही उघडला नाही."

"विचारलंस?"

"विचारलं ना. चाललंय म्हणाल्या."

"मग चाललं असेल," इर्मा म्हणाली. तिच्या डोक्यात त्या वेळी परीक्षेखेरीज दुसरं काही शिरत नव्हतं.

तिला आत बोलावलं. या वेळी क्लोव्हिसकाकांच्या पायाचं ऑपरेशन होऊन आदल्या दिवसापासून ते पलंगावर होते, असं कागदावर होतं. इर्मानं हात धुतले, नाव विचारलं, पट्टी बघितली. नाडी थोडी जलद होती. रक्त आतल्या आत जात असणार. तिला हुरूप आला. ती बरोबर वाटेवर होती.

"काका, कसं वाटतंय?"

"चाललंय..." काका म्हणाले आणि थांबले. "आपलं."

"बटाटे निघाले का?"

"निघाले. यंदा..." पुन्हा थांबले. "बरे आहेत."

इर्मानं त्यांच्या छातीकडे पाहिलं. रबरी छाती संथ वर-खाली होत होती. एवढा निवांत श्वास घेणाऱ्या माणसाला तीन शब्दांचं वाक्य एका दमात का पुरं करता येऊ नये? बटाटे निवडताना अख्ख्या पट्ट्यावरचा एकच तिच्या बोटांना वेगळा लागे आणि का ते मागाहून कळे. तसंच काहीसं झालं. तिनं मनगट सोडलं नाही आणि प्रश्न विचारला.

"काका, काल जमत होतं ते आज काय जमलं नाही?"

माईक खरखरला. मग घोगरा नसलेला, बारीक आवाज आला. "पार्किंगपासून इथवर येताना... दोनदा थांबावं लागलं."

क्लोव्हिसकाका पार्किंगमध्ये कधी गेले होते? ते तर कालपासून पलंगावर होते. इर्मा काळ्या काचेकडे वळली. काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसला.

तिनं काकांचा हात पांघरुणावर ठेवला. पाठीमागे मॉनिटर हळूहळू चिवचिवू लागला, नाडी आणखी वाढत होती, सगळं कार्यक्रमाप्रमाणे चाललं होतं आणि पुढं काय करायचं ते तिला तोंडपाठ होतं. महिनोन्‌महिने ती याच क्षणासाठी उठत होती. एक पाऊल टाकलं की हे सगळं जाणार, हे तिला लख्ख कळत होतं. तिला रडू आलं, आणि रडत रडतच तिनं जाऊन ते दार उघडलं.

बर्निसबाई खुर्चीत पुढं वाकून बसल्या होत्या. एक हात जबड्याला, दुसऱ्यात माईक. चेहरा पिठासारखा पांढरा आणि घामानं ओला.

"परत जा," त्या म्हणाल्या. "तुझा पेशंट... मरतोय."

"मरू दे. बाई, तुम्हाला कसं वाटतंय?"

"चाललंय आपलं."

"नाही चाललं!" इर्मा ओरडली. असं ती आयुष्यात कुणावर ओरडली नव्हती, शिक्षिकेवर तर नाहीच. तिनं दारातून डेल्फीनला हाक मारली आणि ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. बाईंना मागं टेकवून बसवलं, गळ्याचं बटण सोडलं, चालत नाहीत अशी औषधं कोणती ते विचारलं आणि प्रथमोपचाराच्या पेटीतली ॲस्पिरिन चावायला दिली. शेजारच्या वर्गातून ॲम्ब्युलन्सवाल्यांचे मास्तर हृदयाचा आलेख काढायचं यंत्र काखोटीला मारून धावत आले. त्यांनी तारा लावल्या, कागद वाचला आणि इर्माकडे बघून नुसती होकाराची मान हलवली. मग हॉस्पिटलला फोन केला, तयार राहा म्हणून. काचेपलीकडे क्लोव्हिसकाकांचा मॉनिटर कधीच किंचाळायचा थांबला होता. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

बाईंना दक्षिणेच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली आणि काही दिवसांनी गावच्या हॉस्पिटलात आणलं. इर्मा भेटायला गेली तेव्हा त्या खिडकीजवळ निजल्या होत्या. चेहऱ्यावर रंग आला होता, पण त्या कुणीतरी धुऊन आक्रसवल्यासारख्या लहान दिसत होत्या.

"तुझा निकाल कळला का?" बाईंनी विचारलं.

"कळला. कॉम्प्युटरनं लावला. पेशंट मेला, विद्यार्थिनी पलंगाजवळ नव्हती."

"प्राचार्य आले होते इथं. म्हणाले, तिला पास करून टाकू, कुणाची काय हरकत असणार? मी नाही म्हटलं."

इर्मानं मांडीवरची पर्स उघडली आणि तशीच मिटली.

"रक्त जात असलेला माणूस तू कसा सांभाळतेस ते मी अजून पाहिलेलं नाही. ते न बघता तुला वॉर्डात सोडणार नाही. बर्फ वितळल्यावर परीक्षा पुन्हा होईल, आणि त्या दिवशीची जमेला धरायची नाही, एवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. चिडलीस?"

"नाही हो. चाललंय."

बाईंनी उशीवरून मान वळवली आणि तिच्याकडे रोखून पाहिलं. "इर्मा."

इर्मानं मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरला. "चिडलेय," ती म्हणाली. "दहापैकी नऊ. मी तुमच्यासाठी दार उघडलं, आणि तुम्ही... कळतंय मला, तुमचं बरोबर आहे. म्हणून तर जास्त राग येतोय. आणि परत त्या पलंगापाशी उभं राहायची भीती वाटते."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "आता मला विचार."

"कसं वाटतंय?"

बर्निसबाईंनी तोंड उघडलं. सवयीनं जे यायचं ते ओठांवर आलंच होतं, ते त्यांनी गिळलं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडीवरचं बर्फ खरवडत होतं.

"चार," त्या म्हणाल्या. "रात्री सहा होतं. आणि मलाही भीती वाटते. इथल्या नर्स पोरी इतक्यांदा विचारतात, मी शिकवल्याप्रमाणे, आणि मी त्यांनाही चाललंय म्हणते."

इर्मानं खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. नाडीवर बोट आपोआप गेलं. बाईंनी ते बघितलं, पण हात काढून घेतला नाही.

बर्फ वितळलं, रस्त्यांवर चिखल झाला, तेव्हा परीक्षा झाली. डॉक्टरांनी अजून आराम सांगितला असताना बर्निसबाई काठी टेकत आल्या आणि काचेमागं जाऊन बसल्या. क्लोव्हिसकाका त्या दिवशी जन्मात नव्हते एवढे चावट आणि आडमुठे झाले होते. त्यांनी इर्माला बटाट्यांवरून छेडलं, औषध नको म्हणाले, दोनदा चाललंय आपलं म्हणाले आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर कबूल केलं की सकाळपासून उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. बाहेर ओमर आणि डेल्फीन थर्मासमधली कॉफी वाटून पीत बसले होते. काकांचा आवाज अखेरपर्यंत घोगरा राहिला आणि प्रत्येक वाक्य एका दमात पुरं झालं. इर्मा त्या दिवशी पलंग सोडून कुठंही गेली नाही, आणि क्लोव्हिसकाका जगले.